शिवाय, आमचं असं मत आहे

मारियान टीमे या डच खासदारबाईंची भाषणं कुठूनही सुरू होत, पण संपत एकाच ठिकाणी. चर्चा अर्थसंकल्पाची असो, युरोपीय संघाची असो की आरोग्यसेवेची, सरकारला विचारायचं ते विचारून झालं की त्या एक वाक्य जोडत आणि मग थांबत. मराठीत ते साधारण असं होईल: ‘शिवाय, आमचं असं मत आहे की औद्योगिक पशुपालनाचा शेवट व्हायला हवा.’ २००६ च्या नोव्हेंबरात निवडून आल्यापासून २०१९ च्या ऑक्टोबरात खासदारकी सोडेपर्यंत, म्हणजे जवळजवळ तेरा वर्षं, हा क्रम त्यांनी चालवला.

आपल्याकडे कुणी असं केलं असतं तर ‘लावलं पुन्हा तेच पालुपद’ म्हणून लोकांनी डोळे मिटून घेतले असते. हेगच्या सभागृहातही काहींनी मिटले असतीलच. तरीही गेल्या काही दशकांतल्या संसदीय वक्तृत्वातून एकच वाक्य उचलून त्याचं रसग्रहण करायला कुणी सांगितलं, तर मी हे उचलीन. वक्तृत्व म्हटलं की आपल्याला आवाजाचा चढउतार, कोट्या, टाळ्यांच्या जागा आठवतात. इथे त्यातलं काहीच नाही. सपाट, सभ्य, थोडंसं कचेरीतल्या टिपणासारखं हे वाक्य आहे आणि त्याची सगळी गंमत त्या सपाटपणात आहे.

आधी त्याची चण पाहू. मूळ डच वाक्य देवनागरीत लिहायचं तर: फोर्ट्स झाइन वाय फान मेनिंग दात एर एन आइंदे मूट कोमन आन दे बिओ-इंदुस्त्री. पहिला शब्द ‘शिवाय’. आयुष्याचं ध्येय सांगायला निघालेला माणूस ‘शिवाय’ने सुरुवात करत नाही. ‘शिवाय’ने उरलीसुरली गोष्ट सांगतात, निघता निघता उंबऱ्यात आठवलेली. टीमेबाईंनी आपल्या राजकारणाचा गाभा याच जागी बसवला. नंतर येतं ‘आमचं’. ‘माझं’ नव्हे. सुरुवातीला या पक्षाचे खासदार होते दोन, त्यामुळे हे ‘आमचं’ मोठं गमतीदार वाटे: दीडशेच्या सभागृहात दोघीजणी ‘आम्ही’ म्हणत उभ्या. मग ‘मत’. मागणी नाही, इशारा नाही, आरोप तर नाहीच. आणि शेवटचा भाग कर्त्याशिवायचा. शेवट व्हायला हवा. कुणी करायला हवा, कधी, कसा, याबद्दल अवाक्षर नाही. शेतकऱ्याचं नाव नाही, कत्तलखान्याचं नाही, मांस खाणाऱ्या तुमचं-आमचं नाही. शत्रू नसलेलं रणवाक्य असं त्याला म्हणता येईल. हा त्याचा गुण आहे आणि दोषही. दोषाकडे नंतर येतोच.

हा साचा टीमेबाईंचा नाही, हे लॅटिन थोडंफार वाचलेल्या कुठल्याही डच माणसाच्या लगेच ध्यानात येई. तो आहे थोरल्या केटोचा. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात रोमच्या सिनेटमध्ये हा म्हातारा कुठल्याही विषयावर बोलला तरी शेवटी म्हणे की शिवाय माझ्या मते कार्थेजचा नाश व्हायला हवा. आज शाळेत पाठ करून घेतलं जाणारं घोटीव लॅटिन वाक्य त्या रूपात कुठल्याच प्राचीन ग्रंथात सापडत नाही. पुढच्या काळाने ते घासून-पुसून घेतलं. पण सवय मात्र खरी होती. ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने केटोच्या चरित्रात ती नोंदवली आहे आणि तिच्याबरोबर दोन गोष्टी सांगितल्या आहेत. एक म्हणजे केटोने सिनेटमध्ये अंगरख्यातून आफ्रिकेची अंजिरं खाली पाडली आणि लोक त्यांच्या आकाराचं कौतुक करू लागताच सांगितलं की ही पिकतात तो मुलूख इथून जहाजाने तीन दिवसांवर आहे. दुसरी गोष्ट मला अधिक आवडते. सिपिओ नासिका नावाचा एक सभासद होता. तोही प्रत्येक भाषणाच्या शेवटी एक वाक्य जोडे: माझ्या मते कार्थेज राहू द्यावं. पालुपदाला उलट पालुपद. टीमेबाईंच्या नशिबात असा नासिका नव्हता. भाषणाच्या शेवटी ‘शिवाय, आमच्या मते औद्योगिक पशुपालन टिकायला हवं’ असं रोज म्हणणारा कुणी डच सभासद निघाला असता तर रंगत वाढली असती. पण तसं उघडपणे रोज म्हणणं कुणालाच परवडणारं नव्हतं, आणि या वाक्याचा दबाव कसा काम करतो ते इथेच कळतं. त्याचा प्रतिवाद करायचा तर त्या गोष्टीची बाजू नाव घेऊन मांडावी लागते. गप्प राहिलं की ते वाक्य तसंच सभागृहात उभं राहतं.

आता केटोची निवड पाहा. वरवर ती शाळकरी विनोदाची वाटते: मोठ्या रोमन म्हाताऱ्याचा आवाज काढून कोंबड्यांबद्दल बोलायचं. पण केटो हा सिनेटर असण्याआधी शेतकरी होता. शेतीवरचं त्याचं पुस्तक हे आज पूर्ण स्वरूपात उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं लॅटिन गद्य. त्यात जमीनमालकाने काय काय विकून टाकावं याची एक यादी येते. म्हातारे बैल, व्यंग असलेली जनावरं, लोकर, कातडी, जुनी गाडी, गंजकी अवजारं, म्हातारा गुलाम, आजारी गुलाम. एका दमात, एका ओळीत. जीव आणि भंगार यांत फरक न करणारी ही नजर आहे. औद्योगिक पशुपालनाचं तत्त्वज्ञान मांडणारा पहिला लेखक शोधायला निघालं तर बोट केटोकडेच जाईल. आणि त्याच केटोच्या सुरात त्या व्यवस्थेचा शेवट मागायचा!

गंमत इथे संपत नाही. केटोची कार्थेजची गोष्ट सांगणारा प्लुटार्क त्याच चरित्रात या यादीपाशी येऊन अडतो. एरवी चरित्रकाराच्या तोलाने लिहिणारा हा माणूस इथे रागावतो. ज्यांच्याकडून काम करून घेतलं त्यांना म्हातारपणी विकणं हे हिशेबी आणि कोत्या मनाचं लक्षण आहे, न्याय फक्त माणसामाणसांत चालत असेल पण दया मुक्या प्राण्यांपर्यंत पोचते, आपण तर कामाला जुंपलेला बैलसुद्धा म्हातारा झाला म्हणून विकणार नाही, असं तो सांगतो. मग दाखले देतो. अथेन्समध्ये मोठं मंदिर बांधताना ज्या खेचरांनी दगड वाहिले त्यांना मोकळं सोडलं होतं. त्यांतलं एक खेचर आपणहून परत आलं आणि ओझं वाहणाऱ्या जनावरांच्या पुढे पुढे चालू लागलं. अथेन्सकरांनी ठराव करून त्याला मरेपर्यंत सरकारी खर्चाने पोसलं. आणखी एक गोष्ट तो बोचऱ्या स्वरात नोंदवतो: स्पेनच्या मोहिमेत आपल्याला वाहून नेणारा घोडा केटोने तिथेच सोडला, कारण त्याला जहाजाने परत आणण्याचा भुर्दंड सरकारी तिजोरीवर पडू नये. मांसाहाराविरुद्ध स्वतंत्र लेखन करणारा प्लुटार्क तो हाच.

म्हणजे टीमेबाईंच्या वाक्यात दोन म्हातारे एकमेकांशी भांडत असतात. आवाज केटोचा, काळीज प्लुटार्कचं. हे त्यांनी जाणूनबुजून केलं का, हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. उसना घेतलेला साचा ज्याच्याकडून घेतला त्याच्यावरच उलटवणं हे चांगल्या विडंबनाचं काम आहे, आणि ते इथे चोख झालं आहे. शिवाय केटोला एक शहर जाळायचं होतं, माणसं मारायची होती. इथे त्याच ठेक्यात मारणं थांबवायला सांगितलं जातं. रूढ लॅटिन वाक्य नाशाच्या शब्दावर येऊन थांबतं, डच वाक्य त्या उद्योगाच्या नावावर. ऐकणाऱ्याच्या कानात शेवटी घाव उरत नाही, ती वस्तू उरते.

या बाई आल्या कुठून? जन्म ६ मार्च १९७२, गाव एडे. हे गाव हेल्डरलँड प्रांतातल्या ज्या खोऱ्यात आहे तिथे डुकरं आणि कोंबड्या यांची दाट वस्ती आहे. रॉटरडॅमच्या इरास्मस विद्यापीठात कायद्याचं शिक्षण झालं. नंतर फरविरोधी काम करणाऱ्या बोन्ट फोर डीरेन या संस्थेत, आणि २००४ पासून पशुपालनाच्या प्रश्नावर मोहिमा चालवणाऱ्या वाकर डीर या संस्थेच्या संचालक. चरित्राचा एवढा भाग कुठल्याही कार्यकर्तीचा असू शकतो, त्यावर रेंगाळण्यात अर्थ नाही.

रेंगाळायचं ते त्या काळावर. १९९७-९८ मध्ये नेदरलँड्समध्ये डुकरांच्या तापाची साथ आली आणि सुमारे १ कोटी डुकरं मारली गेली. त्यांतली बहुतेक आजारी नव्हती. वाहतूक बंद, गोठे तुडुंब, पुढची पिल्लं जन्माला येतच होती, मग जागा करण्यासाठी मारायची. २००१ मध्ये लाळ्या-खुरकूत आला. रोग सापडला मोजक्या ठिकाणी, मारली गेली अडीच लाखांहून अधिक जनावरं. यांतल्या पुष्कळ जनावरांना आधी लस टोचली होती. लस टोचलेलं जनावर धडधाकट असतं, पण लशीच्या जनावराचं मांस बाहेरचे देश घ्यायला का-कू करतात आणि निर्यातीवर उभ्या असलेल्या धंद्याला ते चालत नाही. म्हणून टोचायचं आणि मग मारायचं. डच कुटुंबांनी संध्याकाळच्या बातम्यांत क्रेनच्या पंज्यात लोंबणाऱ्या गाई पाहिल्या. २००२ च्या २८ ऑक्टोबरला ‘पार्टाय फोर दे डीरेन’, म्हणजे प्राण्यांसाठीचा पक्ष, स्थापन झाला तो या पार्श्वभूमीवर. तोपर्यंत प्राण्यांबद्दल कळवळा सगळ्याच पक्षांच्या जाहीरनाम्यात दोन-चार ओळींचा असे आणि मंत्रिमंडळ बनताना त्या ओळी पहिल्या कापल्या जात.

२२ जानेवारी २००३ च्या निवडणुकीत पक्षाला ४७,७५४ मतं मिळाली. डच पद्धतीत सगळा देश हा एकच मतदारसंघ. एकूण मतांना दीडशेने भागलं की एका जागेचा भाव निघतो. त्या वर्षी तो ६४ हजारांच्या आसपास होता. जागा हुकली. आणि पुढच्याच महिन्याच्या अखेरीस बर्ड फ्लू आला, तोही एडेच्याच खोऱ्यात. सुमारे ३ कोटी कोंबड्या मारल्या गेल्या. २००६ मध्ये पक्षाने यादीच्या तळाला नामवंतांना उभं केलं. निवडून यायला नव्हे, नाव द्यायला. डच राजकारणात ही जुनी रीत आहे. त्यांत मार्टेन त हार्ट होते, यान वोल्कर्स होते, विनोदी लेखक केस फान कोटेन होते. देशातले नाणावलेले साहित्यिक एका बारक्या पक्षाच्या यादीत शेवटी उभे आहेत, हे दृश्य मराठी वाचकाला हेवा वाटावा असं आहे. १,७९,९८८ मतं पडली आणि दोन जागा आल्या: टीमेबाई आणि एस्तर औवेहांड. प्राण्यांच्या नावाने स्थापन झालेला पक्ष राष्ट्रीय संसदेत पोचण्याची ही जगातली पहिली वेळ. आपल्यासारखी मतदारसंघाची पद्धत तिथे असती तर १.८ टक्के मतांवर कुणालाही अनामत गमावून घरी जावं लागलं असतं.

ट्वेडे कामर, म्हणजे खालचं सभागृह, तेव्हा बिनेनहोफ या संसद-संकुलातल्या १९९२ साली उघडलेल्या दालनात भरत असे. निळ्या खुर्च्या अर्धवर्तुळात. वक्ता मधल्या व्यासपीठावर, आणि त्याच्यासमोर उभे माईक. भाषण चालू असताना दुसऱ्या पक्षाचा सभासद उठून त्या माईकशी येतो, अध्यक्षांनी खूण केली की वक्त्याला अडवून प्रश्न विचारतो. डच संसदेचं भाषण हे असं अडवाअडवीवर चालतं. चांगला वक्ता कोण, हे त्याच्या लिखित मजकुरावरून कमी आणि या माईकवरच्या उत्तरांवरून जास्त ठरतं. छोट्या पक्षाच्या वाट्याला वेळ मोजकाच येतो, आणि त्या मोजक्या मिनिटांतले चार-पाच सेकंद रोज एकाच वाक्याला द्यायचे हा व्यवहारी माणसाला तोट्याचा सौदा वाटेल.

सौदा तोट्याचा नव्हता. त्या सभागृहात बोललेला प्रत्येक शब्द अधिकृत इतिवृत्तात उतरवला जातो. लघुलेखक वाक्य गाळू शकत नाहीत, ‘वरीलप्रमाणे’ असंही लिहू शकत नाहीत. त्यामुळे ज्या ज्या चर्चेत टीमेबाई बोलल्या त्या त्या चर्चेच्या कागदांत हे वाक्य आहे. उद्या कुणी अभ्यासक युरोपीय करारांवर काम करत ते खंड चाळील आणि मध्येच कोंबड्या-डुकरं त्याच्या समोर येतील. कार्यक्रमपत्रिकेवर विषय आणण्यासाठी बहुमत लागतं, निदान मोठ्या पक्षांची मर्जी लागते. कार्यक्रमपत्रिकेच्या शेपटाला विषय बांधायला ते काही लागत नाही. दोन जागा असलेल्या पक्षाने शोधलेली ही पळवाट आहे आणि ती पूर्णपणे नियमात बसते.

पण मला या वाक्याचा रस जास्त जाणवतो तो त्याच्या विसंगतीत. विषयाशी त्याचा संबंध नाही, हीच त्याची तक्रार आहे. ज्या देशात टीमेबाईंच्या काळात सुमारे पावणेदोन कोटी माणसं आणि त्यांच्याबरोबर जवळजवळ १ कोटी २० लाख डुकरं, ४० लाखांच्या आसपास गुरं आणि १० कोटींच्या घरात कोंबड्या राहत, तिथे राष्ट्राचा कारभार म्हणून जे काही चर्चेला येई त्यात या प्राण्यांचा उल्लेख नसे. ते भिंतीआड असतात. सायकलवरून जाणाऱ्याला कुरणातल्या गाई दिसतात, चित्रातल्यासारख्या. डुकरं आणि कोंबड्या दिसत नाहीत, बंद लांब शेड दिसते आणि वारा फिरला तर वास येतो. सगळं बोलून झाल्यावर, सगळे आपापल्या विषयात समाधानी असताना, ‘शिवाय’ म्हणून जे येतं ते त्या शेडमधून येतं. कीर्तनकार पूर्वरंगात कितीही लांब गेला तरी धृपदावर येतो, तेव्हा श्रोत्याला आपण मुक्कामाला पोचल्याचं सुख मिळतं. या धृपदाने उलट होतं. ते मुक्काम मोडतं.

पुनरुक्तीने अर्थ झिजतो असं आपण समजतो. पहिल्या वर्षी हसू येतं, दुसऱ्या वर्षी कंटाळा, आणि मग एक टप्पा असा येतो की वाक्य ऐकूच येत नाही. मात्र त्या पलीकडे आणखी एक टप्पा आहे, आणि तिथपर्यंत पोचायला चिकाटी लागते: वाक्य नसेल तर चुकल्यासारखं वाटू लागतं. सभागृहात बसलेल्याला पुढे काय येणार ते ठाऊक असतं, वाक्य त्याच्या मनात आधीच सुरू झालेलं असतं, आणि ज्याला ते पटत नाही त्याच्याही. विरोधकाच्या डोक्यात आपलं वाक्य त्याच्याच आवाजात वाजवणं, हे भल्या भल्या वक्त्यांना जमलेलं नाही.

दोषाकडे येतो म्हटलं होतं. हे वाक्य सुरक्षित आहे. कर्ता नसलेल्या वाक्यावर कुणी चिडत नाही. ‘शेवट व्हायला हवा’ म्हणणाऱ्याला ‘मग कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचं काय’ असं त्या क्षणी विचारता येत नाही, कारण भाषण संपलेलं असतं. टीमेबाई खरोखर कसोटीला लागल्या त्या या वाक्याचा आडोसा नसलेल्या ठिकाणी. त्यांनी स्वतः एक विधेयक मांडलं: भूल न देता होणाऱ्या धार्मिक कत्तलीला असलेली सूट रद्द करावी. खासदार स्वतःचं विधेयक मांडतो तेव्हा तो मंत्र्यांसाठी राखलेल्या बाकांवर बसून सभागृहाला उत्तरं देतो. बाजू बदलते. रोज प्रश्न विचारणारी बाई आता प्रश्न झेलू लागली. आणि प्रश्न हलके नव्हते. डच ज्यूंच्या स्मरणात १९४० साल होतं. जर्मन कब्जा झाल्यावर त्यांच्याविरुद्ध जे पहिले हुकूम निघाले त्यांत भूल न देता कत्तल करण्यावरची बंदी होती. मुसलमानांना दिसत होतं की विधेयकाला हात वर करणाऱ्यांत त्यांना देशात नको असलेला पक्षही आहे. इथे ‘शिवाय’ चालत नाही, ‘आमचं मत’ चालत नाही. कुणाचा सुरा, कुणाची श्रद्धा, किती सेकंदांची वेदना, हे नाव घेऊन बोलावं लागतं.

२८ जून २०११ ला ट्वेडे कामरने ते विधेयक ११६ विरुद्ध ३० मतांनी मंजूर केलं. जनावराला जास्त वेदना होत नाहीत हे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध करणाऱ्याला सूट मिळेल, अशी दुरुस्ती त्यात घालून. दोन जागांच्या पक्षाने ११६ हात वर करवले, हे यश साधं नाही. पण वर्षभराने, १९ जून २०१२ ला, वरच्या सभागृहाने ते ५१ विरुद्ध २१ असं फेटाळलं. सरकारने कत्तलखाने आणि धार्मिक संघटना यांच्याशी करार केला. जनावर ४० सेकंदांत बेशुद्ध झालं नाही तर त्याला भूल द्यायची. माझं स्वतःचं मत या विधेयकाबद्दल बरं नाही. शेडमध्ये जन्मभर जे चालतं त्याच्या तुलनेत शेवटच्या मिनिटातला हा वाद लहान होता, आणि तो दोन अल्पसंख्य समाजांच्या दारात नेऊन टाकला गेला. रोजच्या वाक्यात जी व्यवस्था बोटाखाली होती, ती इथे बोटाखालून निसटली. वाक्य विधेयकापेक्षा शहाणं निघालं, असं म्हणावं लागतं.

त्यांच्या इतर कामावर मी भरभर जातो. ‘मीट द ट्रुथ’ हा पशुपालन आणि हवामानबदल यांच्यावरचा त्यांचा माहितीपट अल गोर यांच्या गाजलेल्या चित्रपटाने जे सांगितलं नाही ते सांगायला निघाला होता. माहिती म्हणून तो वेळेच्या पुढे होता, कलाकृती म्हणून व्याख्यानाच्या फार पुढे जात नाही. रसिकाला त्यातून एकच गोष्ट कळते: ज्या बाईंना सभागृहात चार सेकंद पुरत होते, त्यांना पडद्यावर तास अपुरा पडला. याप कोर्तेवेख या नवव्या पिढीच्या शेतकऱ्याशी त्यांचं लग्न झालं. शाकाहारी खाटीक असं मिस्कील नाव देऊन कोर्तेवेख यांनी २०१० साली हेगमध्ये दुकान काढलं, आणि २०१८ मध्ये तो धंदा युनिलिव्हरने विकत घेतला. संसदेतल्या वाक्याला जे जमलं नाही ते कदाचित त्या दुकानातल्या नकली कोंबडीच्या तुकड्यांना थोडंफार जमलं असेल. २०१७ च्या निवडणुकीत पक्षाच्या जागा पाचवर गेल्या. ‘आम्ही’ म्हणणं आता पूर्वीइतकं गमतीचं राहिलं नव्हतं.

आणि मग २०१९. मे महिन्याच्या २९ तारखेला तिथल्या राज्य परिषदेने सरकारची नायट्रोजनविषयक योजना रद्द ठरवली. जनावरांच्या शेणामुतातून उठणारा अमोनिया संरक्षित रानांवर, दलदलींवर, गवताळ माळांवर उतरतो आणि त्यांना मारून टाकतो. पुढे कधीतरी तो कमी करू, या भरवशावर आज परवाने वाटता येणार नाहीत, असा निकालाचा अर्थ. सुमारे १८ हजार प्रकल्प अडकले: रस्ते, घरं, गोठे. ज्या प्राण्यांचा राष्ट्राच्या कारभाराशी संबंध नव्हता, त्यांच्यामुळे एकाएकी घरांची बांधकामं थांबली. बारा वर्षं विषयाला सोडून असलेलं वाक्य त्या उन्हाळ्यात विषयाला धरून झालं.

सप्टेंबरात त्येर्द दे ख्रोट या खासदारांनी सांगितलं की देशातलं पशुधन निम्म्यावर आणायला हवं. हे गृहस्थ टीमेबाईंच्या पक्षाचे नव्हेत. ते तेव्हा सत्तेत असलेल्या डी-६६ पक्षाचे, आणि खासदार होण्याआधी दूध उद्योगाच्या संघटनेचे संचालक. त्यांच्या वाक्यात नैतिक आवाहन नव्हतं, केटो नव्हता, प्लुटार्क नव्हता. त्यात आकडा होता. १ ऑक्टोबरला हजारो शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेगवर चालून आले, महामार्ग तुंबले, माळीफेल्डचं मैदान भरलं. टीमेबाईंच्या वाक्यावर असे ट्रॅक्टर कधी निघाले नव्हते. शेवट मागणाऱ्या वाक्याला देशाने तेरा वर्षं सभ्यपणे ऐकून घेतलं, निम्मं मागणारं वाक्य आलं आणि देश रस्त्यावर उतरला. कारण निम्म्याचा हिशेब प्रत्येक गोठ्याला स्वतःपुरता करता येत होता.

त्यानंतर आठवडाभराने, ८ ऑक्टोबरला, टीमेबाईंनी सभागृह सोडलं. केटोचंही असंच झालं होतं. रोमने कार्थेजवर युद्ध पुकारलं त्याच वर्षी, इसवी सनापूर्वी १४९ मध्ये, तो वारला आणि शहर पडलं ते तीन वर्षांनी. टीमेबाईंचं कार्थेज मात्र शाबूत आहे. त्यांच्यामागे पक्षाचं नेतृत्व एस्तर औवेहांड यांच्याकडे आलं. दोघीजणींच्या ‘आम्ही’तल्या या दुसऱ्या. त्यांनी वाक्य तसंच चालू ठेवलं, ‘शिवाय’सकट. मला तो ‘शिवाय’ आता थोडा खटकतो. ज्या देशात घरांचे आणि रस्त्यांचे परवाने शेणाच्या हिशेबावर अडून बसले, तिथे ही गोष्ट सगळं बोलून झाल्यावर आठवल्यासारखी सांगायचं कारण उरलेलं नाही. तिच्यापासून भाषण सुरू करता येईल.